दोस्तीच्या दगडापासून दोनशे वार

पत्ता कसा लिहायचा, यावरून बेनिल्दाचं आणि शेजारच्या एवेलियोचं सकाळपासून जुंपलं होतं. भट्टी तापली होती. मक्याचं पीठ खारट चीज घालून मळून झालं होतं आणि त्याच्या रोस्किया वळून, कडक भाजून टोपलीत भरायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. पण बेनिल्दाचे हात पिठात आणि डोळे एवेलियोच्या लेखणीवर. एवेलियोनं तीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडली होती आणि भोंगा वाजवला होता. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे गावातला प्रत्येक सरकारी अर्ज त्याच्याच हातून जायचा. त्याचा त्याला तोराही भारी होता.

"लिवा," बेनिल्दा म्हणाली. "फेरीबोटीच्या धक्क्यापासनं शंभर वार वर, मोठ्या झाडाच्या खालच्या अंगाला, हिरवं फाटक."

एवेलियोनं लेखणी कानावर ठेवली. "वैनी, फेरीबोट हाय का?"

"न्हाई."

"मोठं झाड हाय का?"

"ईज पडून मेलं की. तुमच्या डोळ्यांदेखत."

"आन् फाटक हिरवं हाय?"

"निळं हाय. पन समदी हिरवं फाटकच म्हंत्यात. तुमी सोता म्हंता, भावजी."

"मी म्हंतो. सरकार म्हनंल का?" एवेलियोनं अर्ज तिच्या नाकासमोर धरला. "हितं बारीक अक्षरात छापलंया बगा. पत्ता फक्त अस्तित्वात असलेल्या, कायमस्वरूपी आणि सार्वजनिक खुणेपासून लिहावा. खूण न सापडल्यास अर्ज रद्द समजण्यात येईल."

बेनिल्दानं कपाळाला हात लावला, ते पिठानं पांढरं झालं.

आता यात तिचा एकटीचा काय दोष? या मुलखात रस्त्याला नाव नाही आणि घराला नंबर नाही. माणूस राहतो तो कशापासून तरी इतके वार राहतो. ती खूण पडू दे, जळू दे, नाहीतर नदीनं खाऊन टाकू दे, पत्ता हलत नाही. मोठं झाड पडून अकरा वर्षं झाली. त्यानंतर जन्मलेली पोरंसुद्धा 'आमी मोठ्या झाडासमूर ऱ्हातो' असं छातीठोक सांगतात. गावाला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि पोस्टमनही याच मातीतला असल्यामुळे पत्र कधी चुकत नाही. पण हा अर्ज राजधानीत छापलेला होता.

आणि अर्ज साधासुधा नव्हता. पुलाच्या तोंडाशी, हमरस्त्याला लागून, सरकार सहा टपऱ्या बांधणार होतं. पुलामुळे ज्यांची पोटं मारली गेली, त्यांना त्या मिळायच्या होत्या. पाच कधीच वाटून झाल्या होत्या आणि सहावी राहिली होती. बेनिल्दा बासष्ट वर्षांची होती. टोपली घेऊन एसटीसारख्या खडखडत्या बसगाड्यांत चढउतार करून तिचे गुडघे कामातून गेले होते. ही टपरी हुकली तर भट्टी विझवून राजधानीत भाचीच्या दारात जाऊन बसायचं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. भाची चांगली होती. पण तिच्या घरात भट्टी नव्हती आणि खिडकीतून नदी दिसत नव्हती.

खरी गंमत म्हणजे हा पूल व्हावा म्हणून गावात सगळ्यांत जास्त पायपीट कुणी केली असेल, तर ती बेनिल्दानंच.

टेंपिस्के नदीला भरती-ओहोटी आहे. ओहोटी लागली की पाणी मागं सरायचं, चिखल उघडा पडायचा, त्यावर मगरी उन्हाला पडायच्या, आणि फेरीबोट धक्क्याला लागायची नाही. मग गाड्यांची रांग लागायची. दोन तास, तीन तास, आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात सगळं राजधानीचं गाव समुद्राकडं निघालं की सहा तास. बेनिल्दाचं सोनं व्हायचं ते या रांगेत. केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याच्या पिठाचे तमाल, घेवड्यात परतलेला भात, फडक्यातून गाळलेली कॉफी. उन्हात अडकलेला भुकेला माणूस घासाघीस करत नाही. बावीस वर्षं ती रांग तिनं पोसली आणि रांगेनं तिला.

त्याच रांगेत तिचा नवरा लिसांद्रो गेला. पोटात दुखायला लागलं म्हणून शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये घातला होता. इस्पितळ पलीकडच्या काठाला. ओहोटी नुकती लागली होती. पुढं कलिंगडांची गाडी, मागं सहलीची बस, आणि मधे लिसांद्रो. बेनिल्दा त्याचा हात धरून बसली होती आणि बसमधला एक माणूस खाली उतरून तिला विचारत होता, "मावशी, तमाल आहेत का?" चार तासांनी पाणी चढलं, तेव्हा घाई करायचं काही कारण उरलं नव्हतं. त्या माणसाचा तिला राग आला नाही, त्याला काय ठाऊक? पण महिना उलटल्यावर तिनं सह्यांचा कागद घेतला आणि दोन्ही काठांवरची घरं पालथी घातली. नदीला पूल पाहिजे.

पूल झाला तो मात्र तिच्या सह्यांनी नव्हे. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटानं तो बांधून दिला, फुकट, दोस्तीखातर.

"त्यास्नी काय पडलंया आपलं?" तिनं तेव्हा एवेलियोला विचारलं होतं.

"जगाची पंचायत भरती, वैनी. तितं त्यांच्या बाजूनं हात वर कराय कुनी न्हाई. आपन करायचा. बदल्यात पूल."

"निस्ता हात वर करायचा? मंग दोन पूल मागायचे की."

बेटावरचा एक ठेंगणा इंजिनियर दोन वर्षं तिच्याकडं जेवला. त्याला इथल्या भाषेतले दोनच शब्द आले, "आणखी एक." पूल पुरा झाला तेव्हा पुलाच्या तोंडाशी माणसाच्या छातीइतका उंच काळा दगड बसवला. त्यावर दोन्ही देशांचे झेंडे कोरले आणि खाली 'चिरंतन दोस्ती' असं दोन भाषांत लिहिलं. उद्घाटनाला मंत्री आले. बेनिल्दानं पाहुण्यांसाठी पाचशे रोस्किया भाजल्या. पुलावर बँड वाजत होता आणि खाली एवेलियो फेरीबोटीचा शेवटचा भोंगा वाजवत होता. तो त्यानं इतका लांबवला की मंत्र्यांचं निम्मं भाषण कुणाला ऐकूच गेलं नाही. बेनिल्दा दगडाला हात लावून रडली. लिसांद्रोसाठी रडली, आणि खरं सांगायचं तर आनंदानंही रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखी कॉफी उकळली. गाड्या पुलावरून सूं सूं करत गेल्या. पूल ओलांडायला दीड मिनिट लागायचं, आणि दीड मिनिटात कुणाला भूक लागत नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली होती. पोटं मारली गेली हे सरकारच्या ध्यानात यायलाच चार वर्षं लागली, तेव्हा कुठं हा अर्ज निघाला.

"आता काय लिवू?" एवेलियोनं विचारलं. "हाय, टिकनारं, आन् सरकारी. असं काय हाय गावात? देवळाचा मनोरा पाडून नवा बांधायचं चाललंय. शाळा हलनार म्हंत्यात."

बेनिल्दा हात धुता धुता थांबली. "दोस्तीचा दगड!"

"आँ?"

"दगड हाय का? हाय. सरकारी हाय का? मंत्र्यानं फडकं वढलंया त्याच्यावरलं. आन् टिकनारा तर त्याच्यावरच लिवलाय, चिरंतन."

एवेलियोनं मान डोलावली. त्याला आधी सुचलं नाही याचं जरा वाईट वाटलं, म्हणून त्यानं ते वाक्य फारच सुरेख अक्षरात लिहिलं. 'दोस्तीच्या दगडापासून नदीच्या खालच्या अंगाला दोनशे वार, निळे फाटक.' मग वाळू भुरभुरून शाई सुकवली, जणू करारावर सही केली.

"ह्यो पत्ता आता तुमच्या नातवंडास्नी बी पुरंल," तो म्हणाला.

"मला पोरंच न्हाईत, भावजी."

"मंग माझ्या नातवंडास्नी."

जूनमध्ये एके दिवशी एवेलियो रेडिओ काखेत मारून आला. चेहरा असा की घरात कुणी गेलंय.

"वैनी, दोस्ती मोडली."

"कुनाची?"

"सरकारची. बेटवाल्यांसंगट. आता बेटाशेजारच्या त्या मोठ्या देशासंगट जुळलीया."

"दोगांसंगट ठिवायची. आपलं काय जातंय?"

"तसं चालत न्हाई. एकाशी सोयरीक केली की दुसऱ्याशी अबोला. त्यांचं जुनं भांडान हाय."

बेनिल्दानं क्षणभर विचार केला. तिला एकच भीती वाटली. "पूल माघारी नेत्यात का काय?"

"पूल कसा नेत्याल?"

"मंग बरं," ती म्हणाली आणि भट्टीकडं वळली. तरी मनातून तिला लागलं. तो ठेंगणा इंजिनियर आता काय म्हणेल, असं तिला वाटून गेलं. ज्यानं दिलं त्याच्याशीच बोलायचं नाही, ही कुठली रीत? पण सरकारला रीत शिकवायला ती कोण?

जुलैत राजधानीहून पत्र आलं. तपासनीस येत्या गुरुवारी दहा ते चारच्या दरम्यान येऊन दिलेल्या पत्त्यावर स्वयंपाकघर पाहतील. पुन्हा येणार नाहीत. अर्जदार पत्त्यावर न सापडल्यास टपरी दुसऱ्यास देण्यात येईल. बेनिल्दानं भिंतींना चुना दिला आणि निळं फाटक आणखी निळं केलं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला तिच्या दारात एक सरकारी ट्रक येऊन थांबला. मागं छोटी क्रेन, ताडपत्रीखाली काहीतरी जडशीळ. चार माणसं उतरली, घामानं निथळत होती.

"मावशी, जेवायला मिळेल का काही? वर पुलावर तर चिटपाखरू नाही."

मिळेल का! कितीतरी महिन्यांत तिच्या बाकांवर चार गिऱ्हाइकं एकदम बसली नव्हती. तिनं घेवडा-भात परतला, अंडी टाकली, तव्यावर मक्याच्या भाकऱ्या थापल्या, वर कॉफी. माणसं हातचं न राखता जेवली. मुकादमानं रोस्कियाच्या दोन पिशव्या घरी न्यायला घेतल्या. गुरुवारच्या आधी चांगला शकुन झाला, असं तिच्या मनात आलं.

"काय नेताय वं येवढं?" तिनं सहज विचारलं.

"दगड," मुकादम म्हणाला.

"कसला?"

"असाच. सरकारी."

ट्रक चढावर लागला. नदीवरून वाऱ्याचा झोत आला, ताडपत्रीचं टोक फडफडलं आणि खाली दोन झेंडे दिसले. एक आपला आणि एक बेटवाल्यांचा.

"आगं बया, माजा पत्ता!"

ती हातातल्या डावानिशी ट्रकमागं धावली. मोठं झाड होतं तिथपर्यंत धावली, तिथं गुडघ्यांनी दगा दिला. मुकादमाला वाटलं, म्हातारी निरोप देतीय. त्यानं खिडकीतून हात हलवला.

बुधवारी ती आणि एवेलियो वर जाऊन पाहून आले. सिमेंटचा ओटा तेवढा राहिला होता आणि त्यातून चार वाकडे बोल्ट वर आलेले.

"दगड कुटं जात न्हाई म्हनं," एवेलियो म्हणाला. बेनिल्दानं त्याच्याकडं असं पाहिलं की बाकीचं बोलणं त्यानं पोटातच ठेवलं.

गुरुवारी नवापासून ती तयार होती. डोक्याला स्वच्छ रुमाल, कमरेला पांढरा झगझगीत एप्रन, भट्टीत पहिला घाणा. तिच्या ओसरीवरून पूल आडवा दिसतो. साडेदहाला पांढरी सरकारी जीप पूल ओलांडून पलीकडं गेली. थोड्या वेळानं अलीकडं आली. मग पुन्हा पलीकडं. कोंबडी अंड्याला जागा शोधते तसं चाललं होतं.

"भावजी, जावा की! त्यो खूण हुडकतोय. धरून आना त्येला."

एवेलियो घोडीवर बसून गेला. जाताना मिशीला पीळ दिला. बारा वाजले, एक वाजला. जीप दिसेना आणि एवेलियोही दिसेना. दीडला घोडी डुलत डुलत आली, वर एवेलियो खुशीत.

"गावला! समदं बैजवार सांगितलं त्येला."

"काय सांगितलं?"

"म्हनलं, सायेब, मोठं झाड हुतं तितनं डाव्या अंगाला वळा. नार्सिसोचा गोठा जळाला तितनं खाली उतरा. पुढं फेरीबोटीच्या वासानं जावा आन् हिरवं फाटक आलं की थांबा."

बेनिल्दानं हातातली टोपली खाली आदळली. "आवं भावजी, ह्यातलं येक तरी हाय का गावात?"

एवेलियोनं बोटांवर मोजून पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "नार्सिसो हाय की," तो म्हणाला.

"मंग संगट का न्हाई आनला त्येला?"

"त्यानं रस्ता इचारला, वैनी. घेऊन चल म्हनला न्हाई. तीस वर्सं मी लोकास्नी रस्ता सांगतोया, आजवर कुनी चुकलं न्हाई."

"आजवर समदी आपलीच हुती!"

दोन वाजून गेले होते. तिला रडायला येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. तिनं गरम रोस्कियांची टोपली उचलली, कॉफीची किटली एवेलियोच्या हातात कोंबली आणि चढ चढायला लागली. मधे दोनदा बसली. हमरस्त्यावर पोचली तेव्हा डांबर वितळत होतं. ती सरळ त्या रिकाम्या ओट्यावर चढली, बोल्टांच्या मधोमध पाय रोवले, एप्रन सोडून काठीला बांधला आणि हलवायला लागली.

जीप आली नाही, पण कलिंगडांची एक गाडी थांबली. "काय विकताय, मावशी?" मग एक बस थांबली. मग दोन मोटारी. एप्रन बघून लोकांना वाटे की पुढं काहीतरी अपघात झालाय. अपघात नाही म्हटल्यावर ते रोस्किया घेत. एवेलियो कॉफी ओतत होता. तासाभरात टोपली निम्मी झाली, पण तिचं तिकडं लक्षच नव्हतं. तिची नजर रस्त्याला लागलेली.

सव्वातीनला जीप आली. आतून ओल्मान तपासनीस उतरले. वाळका, चष्मेवाला माणूस, बुटांना नदीचा चिखल, बाहीला काटे.

"बाई, खाली उतरा. इथं उभं राहायला मनाई आहे."

"मी उबी न्हाई, सायेब. मी पत्ता हाय."

"म्हणजे?"

"बेनिल्दा. निळं फाटक. जिला तुमी सकाळधरनं हुडकताय ती मीच."

ओल्मान साहेबांनी चष्मा काढून पुसला. आवाजात आता सरकार कमी आणि माणूस जास्त होता. "बाई, मी जळालेला गोठा शोधत गेलो तर तिथं सलून निघालं. सलूनवाला म्हणाला, हाच गोठा. हिरव्या फाटकासाठी चार घरांची कुत्री अंगावर घेतली. झाड तर कुणी दाखवेच ना, सगळे नुसते हवेत बोट दाखवतात!"

"आता गावले न्हवं? चला, भट्टी बगा."

साहेबांनी कागद काढला आणि पुन्हा सरकार झाले. "तसं होत नाही. तुमच्या अर्जात खूण दिलीय दगडाची. दगड जागेवर नाही. नसलेली खूण दिली तर अर्ज रद्द. नियम आहे."

"मी लिवला तवा हुता. तुमचीच मानसं घेऊन गेली. माज्याकडंच जेवली!"

"ते मी ऐकलेलं नाही," साहेब घाईनं म्हणाले, आणि इकडं तिकडं पाहून आवाज खाली आणला. "त्या दगडाचं नावसुद्धा कागदावर घ्यायचं नाही, असा हुकूम आहे. मी तुमचा पत्ता लिहू कुठून?"

एवेलियोनं किटली खाली ठेवली. बेनिल्दा ओट्यावरून साहेबांकडं बघत राहिली. कुणाच्या आयुष्याचा निकाल असा उन्हात, रस्त्याच्या कडेला, एका नसलेल्या दगडावर लागावा याचा तिला फार संताप आला. पण तिनं तो गिळला आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं गोड विचारलं,

"सायेब, तुमचं घर कुटं?"

"राजधानीत."

"ते झालं. पन पत्र कसं येतं तुमाला? काय लिवायचं वर?"

"साबणाच्या कारखान्यापासून तीनशे वार दक्षिणेला," साहेब पाठ म्हटल्यासारखं बोलून गेले.

"मोठा हाय का कारखाना?"

साहेब कागदाची घडी घालायला लागले.

"हाय न्हवं, सायेब?"

"एकोणसत्तर साली जळाला," ओल्मान साहेब म्हणाले. "मी जन्मायच्या आधी."

कुणी हसलं नाही. एवेलियोनं तेवढं तोंड फिरवून मिशी पुसली. साहेबांनी ओट्याकडं पाहिलं, बोल्टांकडं पाहिलं, बेनिल्दाच्या हातातल्या काठीवरच्या एप्रनाकडं पाहिलं. मग टोपलीतली एक रोस्किया उचलली, कडाकडा चावली आणि म्हणाले, "चला. किती वार म्हणालात?"

ते पावलं मोजत उतरले. दोनशे एकतीस भरली.

"आमचा वार जरा मोटा हाय," एवेलियो म्हणाला.

साहेबांनी भट्टी पाहिली, विहिरीचं पाणी पाहिलं, भांड्यांच्या खाली बोट फिरवून पाहिलं. चारला पाच कमी असताना बाकावर बसले आणि घेवडा-भात पुढं ओढून अर्जावर लिहिलं. एवेलियोनं खांद्यावरून वाकून वाचलं: 'पुलाच्या तोंडाशी जिथे सध्या काही नाही, तिथून दोनशे वार. अर्जदार सापडली.'

टपरी मिळाली. ती नेमकी त्या रिकाम्या ओट्याशेजारी निघाली, कारण सरकारला तिथं दुसरं काही बांधायचं धाडस नव्हतं. सकाळी सहाला भट्टीच्या रोस्किया वर जातात आणि दुपारपर्यंत संपतात. एवेलियो कॉफी ओततो आणि न विचारता रस्ता सांगतो. गुडघे दुखतात, पण आता बसून दुखतात.

आणि दगडाचं म्हणाल, तर तो चार वर्षं पुलाच्या तोंडाशी उभा होता तेव्हा त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. पत्त्यात तर बेनिल्दाशिवाय कुणीच घातला नव्हता. पण तो गेला आणि सगळ्या तालुक्याच्या तोंडी बसला. कलिंगडांच्या गाड्या भेटायच्या कुठं? दोस्तीचा दगड होता तिथं. बस थांबते कुठं? दोस्तीचा दगड होता तिथून पन्नास वार. त्या वर्षी जन्मलेल्या पोरांचे पत्तेसुद्धा त्याच्यावरूनच लिहिले गेले. हुकूम कागदापुरता होता आणि गाव कागदावर बोलत नाही. बेनिल्दाला हे मनापासून आवडायचं. ठेंगण्या इंजिनियरची आठवण तिला त्यातल्या त्यात अशीच राखता येत होती.

तीन वर्षांनी रस्ता रुंद करायच्या गोष्टी निघाल्या आणि नव्या दोस्तांच्या देशाचे पाहुणे पूल बघायला आले. काळ्या मोटारी, एक मंत्रालयातला अधिकारी आणि एक दुभाष्या. दुभाष्यानं गावात विचारलं होतं, इथं चांगलं खायला कुठं मिळतं. गावानं एका सुरात सांगितलं, दोस्तीचा दगड होता तिथं. दुभाष्यानं ते वहीत नीट टिपून घेतलं. अधिकाऱ्याला वाटेत दोनदा ठसका लागला.

पाहुणे बाकावर बसून रोस्किया खात होते. त्यातला वयस्कर पाहुणा एक संपवून ताटलीकडं बोट दाखवून म्हणाला, "आणखी एक." कुणीतरी सकाळीच शिकवलं असणार. बेनिल्दानं टोपली पुढं ओढली. तिनं त्याच्या ताटलीत दोन टाकल्या.

मग त्यानं शेजारच्या ओट्याकडं पाहिलं, चार बोल्टांकडं पाहिलं आणि दुभाष्याला काहीतरी बोलला.

"पाहुणे विचारतायत," दुभाष्या म्हणाला, "ही जागा मोकळी आहे का? रस्ता झाला की त्यांना इथं एक दगड बसवायला आवडेल. दोस्तीचा."

अधिकारी आकाशाकडं बघायला लागला. एवेलियोनं किटली हातातच धरून ठेवली.

बेनिल्दानं हात एप्रनला पुसले. "बसवा की," ती म्हणाली. "चांगला मोटा बसवा. फकस्त काडायच्या आदल्या दिवशी येऊन सांगा म्हनावं. मला पत्ता बदलाय लागतो."

दुभाष्यानं तोंड उघडलं, अधिकाऱ्याकडं पाहिलं आणि मिटलं. पाहुणा वाट बघत हसत होता. शेवटी दुभाष्यानं त्याच्या कानात काहीतरी तिसरंच सांगितलं, आणि बेनिल्दानं सगळ्यांना पुन्हा कॉफी ओतली.